कान देणे

मे महिन्यात अलिबागच्या किनाऱ्यावर रात्री लाटा मोजता येतात. एक लाट येते, वाळूवर फुटते, मागे सरते. क्षणभर शांतता पसरते आणि मग दुसरी लाट येते. जून उजाडून नैर्ऋत्येचे वारे सुटले, म्हणजे ही मधली शांतता नाहीशी होते. लाटेवर लाट आदळू लागते आणि सगळे आवाज मिळून एकच गंभीर घोष होतो. कोळीवाड्यातील वृद्ध माणसे अंथरुणात पडल्या पडल्या हा फरक ओळखतात. त्यासाठी त्यांना खिडकी उघडावी लागत नाही. मुंबईहून आलेल्या पाहुण्याच्या कानांवरही तोच आवाज पडतो. पण त्याला तो नुसता समुद्राचा आवाज वाटतो.

दोघांचे कान सारखेच. मग फरक कशात आहे? मराठी भाषेने तो फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. 'ऐकू येणे' वेगळे आणि 'कान देणे' वेगळे. ऐकू येण्यासाठी काहीच करावे लागत नाही. डोळे मिटता येतात, तसे कान मिटता येत नाहीत. जे येईल ते आत शिरते. कान मात्र द्यावे लागतात. गाणे शिकायचे म्हटले की गुरू लागतो, वाद्य लागते, वर्षानुवर्षांची मेहनत लागते. ऐकायला शिकण्यासाठी यांपैकी काहीच लागत नाही. थोडा वेळ आणि गप्प बसण्याची तयारी एवढे भांडवल पुरते. पण गप्प बसणे हीच अनेकांना सर्वांत अवघड गोष्ट वाटते.

ही सवय खेळातूनही लागते. पावसाळ्यात वीज चमकली की मनातल्या मनात सेकंद मोजावेत. विजेचा प्रकाश जवळजवळ त्याच क्षणी डोळ्यांपर्यंत पोहोचतो. आवाजाला मात्र एक किलोमीटर अंतर तोडायला सुमारे 3 सेकंद लागतात. 12 सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज 4 किलोमीटरवर चमकली असे समजावे. आकडा उतरू लागला, तर खेळ थांबवून घरात जावे हे उत्तम!

दूरवरून येणाऱ्या लग्नाच्या वरातीलाही असाच कान देता येतो. रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-म्हसळ्याकडे आणि तेथून पुढे रत्नागिरी जिल्ह्यात लग्नकार्याला 'खालूबाजा' लावतात. सनई, ढोल, टिमकी आणि झांज अशी त्यात मोजकीच वाद्ये असतात. वरात गावाच्या वेशीबाहेर असते, तेव्हा घरात बसलेल्यांना प्रथम ऐकू येतो तो ढोल. असे का व्हावे? सनई काही ढोलाहून कमी जोराने वाजत नसते. आवाज म्हणजे हवेत पसरणाऱ्या लहरी. खालच्या, जाड आवाजाच्या लहरी लांब असतात. घरे, झाडे, वाटेची वळणे यांना वळसा घालून त्या पुढे येतात आणि हवेत कमी जिरतात. उंच, बारीक आवाजाच्या लहरी आखूड असतात. त्या वाटेत अडतात आणि लवकर विरतात. म्हणून आधी ढोलाचा घुमारा येतो, मग सनईचा सूर, आणि वरात अगदी वळणावर आली म्हणजे झांजेची खणखण. डोळे मिटून बसलेल्या मुलालाही वरात कोठवर आली ते नेमके सांगता येते.

ही चार वाद्ये चार प्रकारांनी नादतात, असे प्रथम वाटते. पण नीट पाहिले तर प्रकार तीनच आहेत. ढोल आणि टिमकी यांच्या तोंडांवर चामडे ताणून बसवलेले असते. आघात होताच ते थरथरते. सनईत फुंकरीने हवा कंप पावते. झांजेचा धातूच एकमेकांवर आपटून झंकारतो. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन संस्कृत ग्रंथात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारेची वाद्ये ती 'तत', चामड्याने मढवलेली ती 'अवनद्ध', धातूची आघाताने वाजणारी ती 'घन' आणि फुंकरीने वाजणारी ती 'सुषिर'. हा वर्गवारीचा पाया इतका पक्का आहे, की आजही जगभरातील वाद्ये जवळजवळ याच तत्त्वावर विभागतात. खालूबाजात यांपैकी तीन वर्ग आहेत. तार तेवढी नाही. उघड्या मैदानात, चालत्या मिरवणुकीत तारेचा नाजूक आवाज कोणाला ऐकू येणार? वाद्ये कोणती निवडायची, हे ती कोठे वाजणार यावरूनच ठरते.

सनईसाठी थोडे अधिक थांबायला हवे. ती लाकडाची, खालच्या बाजूस रुंदावत जाणारी नळी असते. टोकाला धातूचा छोटा कर्णा आणि वरच्या टोकाला वाळलेल्या पातीची दुहेरी जीभ. ही जीभ ओठांत धरून फुंकर घातली, की तिच्या दोन पात्या एकमेकींवर थडथडतात. काही खट्याळ मुले वाजवणाऱ्यासमोर उभी राहून मिटक्या मारीत चिंच चोखतात. त्या बिचाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते आणि सूर बिघडतो. हा उद्योग करणाऱ्यांना सनई कधीच नीट ऐकायला मिळत नाही, हे मात्र खरे.

देवळाच्या चौघड्यात पुष्कळदा दोन सनया असतात. एक चाल वाजवते; दुसरी आरंभापासून शेवटपर्यंत एकच स्वर धरून ठेवते. तिला 'सूर'च म्हणतात. तो धरणारा माणूस श्वास कधी घेतो, हे शोधून पाहावे. तो गालांत हवा साठवतो, ती हळूहळू नळीत सोडतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास आत घेतो. म्हणून स्वर तुटतच नाही. ऐकणाऱ्यांचे लक्ष नेहमी चाल वाजवणाऱ्याकडे जाते. एकदा मुद्दाम दुसऱ्याकडे कान द्यावा. त्या न हलणाऱ्या स्वरामुळेच पहिल्याचे वर जाणे आणि खाली येणे आपल्याला कळते; क्षितिजाची रेघ असल्याशिवाय होडी लाटेवर चढली की उतरली हे समजत नाही, तसेच हे आहे. देवळाच्या आणि लग्नाच्या दारातील हे वाद्य बिस्मिल्ला खाँ यांनी मैफलीच्या व्यासपीठावर मानाने बसवले. 2001 साली त्यांना 'भारतरत्न' देण्यात आले.

वरात मांडवात पोहोचली आणि वाजंत्री थांबली, म्हणजे पुष्कळांना वाटते की संगीत संपले. आगरी समाजाच्या जुन्या पद्धतीच्या लग्नात मात्र खरे ऐकण्याजोगे आता सुरू होते. अलिबाग, पेण, उरण या भागांत मिठागरे आणि खाजण-शेती यांवर पिढ्यानुपिढ्या राबलेला हा समाज. त्यांच्या लग्नातील विधी चालू असताना एक जाणती स्त्री बसून गाते. तिला 'धवलारीण' म्हणतात आणि तिच्या गाण्याला 'धवला'. हळद, मांडव, नवरा-नवरीचे न्हाणे अशा प्रत्येक प्रसंगाचा धवला निराळा. एके काळी लग्न लावण्याचा मान तिचाच असे. तिच्या हाती वाद्य नसते आणि पुढे वही नसते. ती ओळ म्हणते, भोवतीच्या बायका ती झेलतात. तोवर पुढची ओळ तिच्या मनात तयार असते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धवला एकसुरी वाटण्याचा संभव आहे. चाल लहान असते, चार-पाच स्वरांत फिरते आणि पुन्हा पुन्हा तीच येते. चित्रपटातील गाण्यांवर वाढलेला कान लगेच कंटाळतो. पण येथे चाल ही केवळ वाट आहे. तिच्यावरून चालणारे शब्द पाहायचे असतात. देवांना आमंत्रणे जातात, झाडांना, नद्यांना, नात्यागोत्यातल्या माणसांना बोलावणी होतात. मांडवाच्या मेढीपासून हळदीच्या वाटीपर्यंत प्रत्येक वस्तू गाण्यात येऊन आपली जागा घेते. चाल वारंवार बदलली असती, तर एवढे सारे लक्षात ठेवणे त्या स्त्रीला अशक्यच झाले असते. तिचे गाणे हीच तिची वही आहे.

आता 'धवला' या शब्दाकडे वळू. तेराव्या शतकात महानुभाव पंथात महदाइसा नावाची एक बुद्धिमती स्त्री होती. तिला महदंबा असेही म्हणतात. विदर्भातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या लग्नाचा एक लटका सोहळा भक्तमंडळींनी मांडला. त्या प्रसंगी महदाइसेने श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाची गीते रचून म्हटली. ती गीते 'धवळे' या नावाने प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्यामुळे महदाइसेला मराठीतील आद्य कवयित्री मानतात. म्हणजे मराठी काव्यातील स्त्रीचा पहिला ज्ञात आवाज हा लग्नातल्या गाण्याचा आवाज आहे. ऋद्धिपूर अमरावती जिल्ह्यात, अलिबाग समुद्रकाठी. मध्ये सारा महाराष्ट्र पसरलेला. तरी लग्नात गाणाऱ्या स्त्रीच्या तोंडी तोच शब्द सातशे वर्षांनंतरही राहिला. महदाइसेचे धवळे कोणी तरी लिहून ठेवले, म्हणून ते आज ग्रंथात वाचता येतात. किनाऱ्यावरचे कितीतरी धवले मात्र कोणीच लिहून ठेवले नाहीत. ते शिकण्याचा एकच मार्ग होता: थोरल्या बाईच्या शेजारी बसून ऐकणे. पुढे मांडवात ध्वनिवर्धक आले, बँड आला, आणि शेजारी बसणाऱ्या मुली कमी झाल्या. धवलारणीही आता थोड्याच उरल्या आहेत.

ऐकण्याला मराठी परंपरेत किती मोठी जागा आहे, हे कीर्तनात दिसते. भक्तीचे नऊ प्रकार सांगतात, त्यांत पहिले श्रवण आणि दुसरे कीर्तन. आधी ऐकणारा, मग गाणारा! समर्थ रामदासांनी 'दासबोधा'तील नवविधा भक्तीच्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीनेच केला आहे. महाडजवळच्या शिवथरघळीत या ग्रंथाचे लेखन झाले असे परंपरा मानते. तेथील धबधब्याचा पावसाळ्यातला घोष ऐकला, म्हणजे ऐकणे या विषयावर लिहायला ही जागा चमत्कारिकच वाटते.

कीर्तनकार बोलता बोलता गाऊ लागतो आणि गाता गाता पुन्हा बोलू लागतो. हा सांधा कोठे आहे, ते पकडणे हा कानांचा उत्तम अभ्यास आहे. पुष्कळदा गाणे सुरू होण्यापूर्वीच त्याच्या बोलण्याची लय बदललेली असते. पेटीवाल्याच्या ते ध्यानात येते आणि तो हळूच स्वर देतो. तबल्याला अजून अवकाश असतो. मग झांज वाजते आणि श्रोत्यांना वाटते, गाणे आता सुरू झाले. वास्तविक ते चार वाक्ये आधीच सुरू झालेले असते.

या कीर्तनाला कान देणाऱ्यांत किनाऱ्यावरचे बेने इस्राएल लोकही होते. हे ज्यू धर्माचे मराठी भाषक लोक. आपले पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगाव येथे किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी आपल्या धर्माप्रमाणे विश्रांती घेत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे म्हणजे या किनाऱ्याचा जणू नकाशाच. हिंदूंची कीर्तने ऐकून त्यांच्यातील काही उत्साही मंडळींनी 1880 च्या सुमारास मुंबईत स्वतःची मराठी कीर्तने सुरू केली. घाट तोच, पदांच्या चालीही ओळखीच्या. आख्यान मात्र अब्राहमाचे, योसेफाचे, मोशेचे. भावांनी ज्याला विकले आणि ज्याने पुढे दुष्काळात त्याच भावांना अन्न दिले, त्या योसेफाची कथा मराठी पदांतून ऐकताना श्रोते डोळे पुसत असतील, यात नवल नाही. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. मराठी कीर्तनही त्यांच्याबरोबर समुद्रापार गेले. अलिबागची इस्राएल आळी आणि तेथील मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर आजही त्यांची आठवण देतात.

कीर्तनातील पेटीचा उल्लेख वर आला. तिच्याविषयी एक मौजेची गोष्ट आहे. पेटी युरोपातून आली आणि पाहता पाहता मराठी माणसाच्या घरातली होऊन बसली. तरीही 1940 साली आकाशवाणीने तिला आपल्या कार्यक्रमांतून बंद केले आणि ही बंदी 1971 पर्यंत टिकली. तिचा अपराध काय, ते कानांनाच विचारावे. सनईवाला एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे जाताना मधली सगळी वाट घसरत जातो; बोट छिद्रावरून हळूहळू उचलले, की स्वर चढत जातो. याला 'मींड' म्हणतात. पेटीतील प्रत्येक पट्टीचा स्वर ठरलेला. तिला उतार नाही, पायऱ्या आहेत. गळ्यातून निघणारे बारीकसारीक वळण तिला जसेच्या तसे दाखवता येत नाही, असा जाणकारांचा आक्षेप होता. तो खोटा नव्हता; पण हजारो गावांत भजनाला आणि कीर्तनाला पेटीनेच आधार दिला, हेही तितकेच खरे. आक्षेप आणि उपकार दोन्ही ऐकून मग प्रत्येकाने आपले मत बनवावे.

पेटीशिवायच्या त्या काळात आकाशवाणीवर सतारीसारख्या तारवाद्यांना मोठे महत्त्व होते. खालूबाजात जी तार नव्हती, ती येथे भेटते. अशाच सतारवादनाने ज्यांनी आकाशवाणीत आपले काम सुरू केले, ते यशवंत देव रायगड जिल्ह्यातीलच. त्यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1926 रोजी पेण येथे झाला. पुढे ते कवी आणि संगीतकार म्हणून महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. 30 ऑक्टोबर 2018 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लहानपणी मराठीत एक नवा गानप्रकार रूढ होत होता. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि तिची ध्वनिमुद्रिका घरोघर वाजू लागली. कवितेतील भाव हाच गाण्याचा प्राण, म्हणून या प्रकाराला 'भावगीत' म्हणू लागले. यशवंत देवांनी या प्रकाराचा फार सूक्ष्म विचार केला. गाण्यात शब्द आणि सूर दोन्ही असतात. पण भावगीतात सुराने शब्दाच्या पुढे धावू नये, त्याच्या अर्थाला हात द्यावा, असे त्यांचे म्हणणे. 'शब्दप्रधान गायकी' या नावाने त्यांनी हा विचार ग्रंथातून मांडला आणि कार्यशाळा घेऊन नव्या गायकांना शिकवला.

यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. त्याने एक साधे वाक्य तीन वेळा मोठ्याने म्हणून पाहावे: 'आई आज गावाला गेली.' प्रथम 'आई' या शब्दावर जोर द्यावा; दुसरे कोणी नव्हे, आई गेली. मग 'आज' वर द्यावा; काल जायची होती, ती आज गेली. मग 'गावाला' वर. बाजाराला नव्हे, गावाला गेली. शब्द तेच, क्रम तोच, आणि अर्थ तीन. आता हे वाक्य कवितेची ओळ आहे असे समजू. संगीतकाराला ठरवावे लागते, की कोणता शब्द लांबवायचा, कोणत्या शब्दापाशी श्वास घ्यायचा, वरचा स्वर कोणाला द्यायचा. त्याने चुकून 'गावाला' हा शब्द मध्येच तोडला आणि 'गावा' एका श्वासात, 'ला' दुसऱ्या श्वासात गेला, तर चाल कितीही गोड असली तरी आई गावाला पोहोचत नाही! शाळेतील प्रार्थना आणि समूहगीते म्हणताना असे किती शब्द रोज तुटतात, ते एकदा ऐकून पाहण्यासारखे आहे.

मंगेश पाडगावकरांनी भातुकलीच्या खेळातील राजा-राणीवर लिहिलेली कविता यशवंत देवांनी स्वरबद्ध केली आणि अरुण दाते यांनी ती गायली. ते गीत मिळवून तीन वेळा ऐकावे. पहिल्या वेळी केवळ शब्द ऐकावेत. कवितेच्या पुस्तकातून वाचतो तसे. दुसऱ्या वेळी शब्दांकडे दुर्लक्ष करून मागची वाद्ये ऐकावीत आणि गायक थांबतो तेव्हा कोण बोलते ते पाहावे. तिसऱ्या वेळी गायकाचे श्वास ऐकावेत. तो कोठे थांबतो? तेथे वाक्य थांबते का? संगीतकाराचे नाव पाठ करण्यापेक्षा त्याचे असे काम ओळखणे अधिक आनंदाचे असते.

कोळी लोकांच्या जगण्यावरची गीते बहुतेकांनी ध्वनिमुद्रिकांवरूनच ऐकलेली असतात. 'मी डोलकर' हे त्यांतील सर्वांत गाजलेले. ते शान्ता शेळके यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकरांनी त्याला संगीत दिले आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी ते गायले. कवयित्री पुणे जिल्ह्यातल्या आणि गायक बंगालचा, तरी गीत समुद्राचे झाले. 'डोल' हे पिशवीसारखे मोठे जाळे. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवतात. तोंड प्रवाहाकडे असते, म्हणजे पाण्याबरोबर बोंबील, जवळा असे मासे आपोआप आत शिरतात. ते लावणारा तो डोलकर. एवढे कळले की गीताचे नावही निराळे ऐकू येते. मात्र हे गीत म्हणजेच कोळ्यांचे सारे गाणे, अशी समजूत करून घेऊ नये. ते शहरातील सुसज्ज ध्वनिमुद्रणगृहात तयार झालेले सुंदर गीत आहे. कोळीवाड्यात हळदीला बायका गातात, ते गाणे जाडेभरडे, मोकळ्या गळ्याचे, आणि त्याला कोणी संगीतकार नाही.

वल्ही मारताना आणि दोर ओढताना माणसे जे घोष करीत, त्यांनाही संगीतकार नव्हता. अनेकांचे बळ एकाच क्षणी लागावे, म्हणून एकाने हाक द्यायची आणि सर्वांनी साद देत ओढायचे. ताल येथे शोभेसाठी नव्हता. तो चुकला तर दोर हातातून निसटत असे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात होड्यांना यंत्रे बसू लागली. कष्ट कमी झाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण वल्ही गेली, तशी त्यांच्यावरची सादही गेली. जात्याचेही तसेच झाले. पिठाच्या गिरण्या आल्या, पहाटे उठून दळण्याचा जाच संपला आणि त्या जाचाबरोबर जन्मलेल्या ओव्या मुक्या झाल्या.

त्या पुरत्या मुक्या होण्यापूर्वी काही माणसे ऐकायला गेली. पुण्यात स्थायिक झालेले मूळचे फ्रेंच अभ्यासक गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून 1 लाखाहून अधिक ओव्या त्यांनी नोंदवल्या. कित्येक गाणाऱ्या बायकांचे आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवले. त्या बायकांपैकी पुष्कळ जणी आज हयात नाहीत. त्यांचे आवाज मात्र ऐकता येतात.

एक लाख ही संख्या मोठी वाटते. पण ती जमली कशी? एकेका ओवीने. कोणी तरी एका आजीसमोर बसले, तिला म्हणा म्हणाले, आणि गप्प राहिले. हे काम करायला आज मोठे साधनही लागत नाही; घरातल्या मोबाइलवर आवाज नोंदवता येतो. रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरात आजी, मावशी, शेजारची काकू यांपैकी कोणाला धवला, ओवी, गौरीचे गाणे किंवा होळीचे गाणे येत असेल, तर त्यांना विचारून आणि त्यांची परवानगी घेऊन ते नोंदवावे. पहिल्यांदा म्हणतील, तेव्हा यंत्र बाजूला ठेवून नुसते ऐकावे. समोर यंत्र दिसले, की माणसे लाजतात आणि ओळी विसरतात. दुसऱ्यांदा नोंद करावी. गाणे कोणाकडून शिकलात, कोणत्या प्रसंगी म्हणता, हे विचारून घ्यावे. गाणारीचे नाव, गाव आणि तारीख वहीत लिहावी. मग ते शब्द कागदावर उतरवावेत. बोलीतला शब्द पुस्तकी करू नये. एखादा शब्द कळला नाही, तर त्याच्या जागी आपल्याला माहीत असलेला दुसरा घालू नये. जसा ऐकू आला तसाच लिहावा, पुढे प्रश्नचिन्ह करावे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन आजीला पुन्हा एकदा म्हणायला सांगावे.